समुद्राकांठचा दुष्काळ



कोंकणांत किंवा गोमंतकांत ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांना काजूचें झाड दाखवावें लागत नाहीं. डोंगरउतारावर, कातळाच्या भेगेंत, जेथें दुसरें कांहीं तगत नाहीं तेथें हें झाड उभें राहतें. तें आपल्याकडचें मूळचें नव्हे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज दर्यावर्द्यांनीं तें ब्राझीलहून आणलें, आणि 'काजू' हें नांवही तेथील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेंतून त्याच्याबरोबर आलें. ब्राझीलच्या ज्या ईशान्य किनाऱ्यावर हें झाड माहेरीं असल्यासारखें वाढतें, त्या किनाऱ्यावरील सेआरा नांवाच्या प्रांताची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

मीं आयुष्यभर प्राथमिक शाळेंत भूगोल शिकविला. ब्राझीलचा धडा आला कीं आम्ही मुलांना सांगत असूं : ॲमेझॉन नदी, घनदाट अरण्य, रोज दुपारीं पाऊस, रबर आणि कॉफी. मुलें तें पाठ करीत आणि परीक्षेंत लिहीत. त्याच देशांत, अगदीं समुद्राच्या कांठीं, असा एक मुलूख आहे कीं जेथें एकेका शतकांत चार-पांच वेळां पाऊस पाठ फिरवी आणि गांवेंच्या गांवें ओस पडत, हें त्या धड्यांत नव्हतें. मलाही तें फार उशिरां समजलें.

सेआरा हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस तीन ते आठ अंशांच्या दरम्यान पसरलेला प्रांत. उत्तरेस अटलांटिक महासागर, किनाऱ्याला पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, आणि तेथेंच फोर्तालेझा हें राजधानीचें शहर. या नांवाचा अर्थ किल्ला. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी ओलांडून आंत गेलें कीं 'सेर्तांव' लागतो. सेर्तांव म्हणजे अंतर्भागांतील रुक्ष, काटेरी झुडपांचा, गुराख्यांचा मुलूख. तेथें वर्षाकाठीं सरासरीनें २५ ते ३० इंच पाऊस पडतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यांतही साधारण इतकाच पडतो. तेव्हां हा आंकडा आपणांस फारसा भयंकर वाटणार नाहीं. पण तेथील बरीचशी जमीन म्हणजे खडकावर टाकलेली मातीची पातळ वाकळ. पाणी मुरावयास जागा नाहीं, म्हणून विहिरींना झरे बेताचे. सूर्य इतका प्रखर कीं, जितका पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाणी वर्षभरांत हवेंत उडून जाऊं शकतें. शिवाय यांतील बहुतेक पाऊस फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच यावयाचा. त्या महिन्यांना तेथले लोक 'हिंवाळा' म्हणतात. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर हिंवाळा कसला, असें आपणांस वाटेल. पण पाऊस आला कीं तोच त्यांचा हिंवाळा, आणि न आला कीं 'सेका', म्हणजे कोरड.

आपल्याकडे शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो आणि यंदाचें वाहन बेडूक कीं मेंढा हें पंचांगांत पाहतो. सेआराचा शेतकरी १२ डिसेंबरच्या रात्रीं, म्हणजे संत लुसियेच्या सणाच्या आदल्या दिवशीं, मिठाचे सहा खडे ओळीनें उघड्यावर ठेवतो. पहिला खडा जानेवारीचा, शेवटचा जूनचा. पहांटे जो खडा ओला होऊन विरघळला असेल त्या महिन्यांत पाऊस; सगळेच कोरडे राहिले तर मनांत धस्स होतें. त्यानंतरची दुसरी तारीख १९ मार्च, संत योसेफाचा सण. तोंवर पाऊस न आला तर मग येत नाहीं, अशी समजूत आहे. ही समजूत मला नुसती भाबडी वाटत नाहीं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य विषुववृत्तावर येतो, आणि त्याच सुमारास पावसाचा पट्टा त्या किनाऱ्यावर यावयाचा असतो, हें पुढें सांगणार आहें. निरक्षर शेतकऱ्यानें संताच्या नांवावर जें नोंदून ठेवलें होतें, त्याचें कारण शास्त्रज्ञांना फार नंतर सांपडलें.

या प्रांताचा लिखित इतिहासच मुळीं अवर्षणानें सुरू होतो. १५८३ च्या सुमारास अंतर्भागांतील हजारों आदिवासी भुकेनें व्याकुळ होऊन किनाऱ्याकडे, पोर्तुगीज वस्तीकडे उतरले, असें फेर्नांव कार्दीम या जेझुइट पाद्र्यानें लिहून ठेवलें आहे. १६०३ सालीं पेरो कोएल्यु द सोझा हा पोर्तुगीज सरदार सेआरा जिंकावयास निघाला. त्याचा पराभव शत्रूपेक्षां पावसानेंच अधिक केला. पुढें पाऊस पडेना, माणसें सोडून गेलीं, आणि शेवटीं हा जेता बायको व लहान मुलें घेऊन वाळूंतून पायीं परत फिरला. वाटेंत त्याच्या मुलानें प्राण सोडला. सेआरांतून पायीं निघालेलें हें लेखनिविष्ट असें पहिलें कुटुंब. पुढें तीनशें वर्षें त्या वाटा बंद पडल्या नाहींत.

अठराव्या शतकांत सेर्तांवमध्यें गुरें वाढलीं. खारवून वाळविलेलें मांस आराकाती बंदरांतून गलबतें भरभरून जात असे. १७७७ सालीं, ज्याला ते लोक 'तीन सातांचें अवर्षण' म्हणतात त्या वर्षीं, गुरें मेलीं. तेव्हां आराकातीचा एक व्यापारी थेट ब्राझीलच्या दक्षिण टोंकाला गेला आणि तेथें त्यानें तोच धंदा मांडला. तो तेथें इतका भरभराटला कीं, मूळच्या प्रांताच्या हातून धंदाच गेला. यूक्लिदेस द कुन्या या विख्यात इंजिनियर-लेखकानें १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दोन शतकांच्या अवर्षणांचें एक कोष्टक दिलें आहे. एका रकान्यांत १७१० पासूनचीं पांच, दुसऱ्यांत १८०८ पासूनचीं पांच. आणि दोन्ही रकाने शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानें जवळजवळ जुळतात. तें कोष्टक पाहून कोणालाही निसर्गाचा नियम सांपडल्याचा भास व्हावा. पण पुढच्या शतकानें तें कोष्टक पाळलें नाहीं. मोठीं अवर्षणें आलीं तीं १९१५ त, १९३२ त, १९५८ त. निसर्ग आमच्या शाळेंतील मुलांसारखा पाढे पाठ करीत नाहीं.

आतां १८७७ सालाकडे येऊं, कारण सगळ्या हकीकतीचें मर्म तेथें आहे.

त्यापूर्वींचीं तीसएक वर्षें पाऊस मोठासा चुकला नव्हता. लोकसंख्या वाढून १८७२ च्या खानेसुमारींत ७ लाख २१ हजारांवर गेली होती. मध्यंतरीं, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध झालें आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्या वेळीं आपल्या खानदेश-वऱ्हाडांत जें झालें तेंच सेआरांत झालें : जो तो कापूस लावूं लागला. युद्ध संपतांच भाव कोसळले. अन्नाच्या शेतांत कापूस, पदरांत कर्ज आणि कणगीला तळ, अशा स्थितींत १८७७ साल उजाडलें. या पार्श्वभूमीची आठवण ठेविली पाहिजे. पाऊस दरवेळीं आकाशांतूनच चुकतो. पण तो कोणत्या घरावर चुकतो याला महत्त्व आहे.

संत लुसियेचे खडे कोरडे राहिले. संत योसेफाचा सण कोरडा गेला. जमीनदारांनीं आधीं गुरें हलविलीं, मग गुराखी हलविले. नद्या तेथें एरवींही वाळूच्याच असतात. लोकांनीं वाळू उकरून पाणी काढलें, नंतर तेंही आटलें. निवडुंग भाजून खाल्ले. 'मुकुना' नांवाच्या वेलीचें विषारी बीं पुनःपुन्हां धुवून त्याचें पीठ केलें. धुण्यास पाणी पुरलें नाहीं तेथें तें खाऊन माणसें मेलीं. एवढें होईपर्यंतही बहुतेक लोक आपापल्या गांवीं होते, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

अन्न नव्हतें काय? होतें. ब्राझीलचें साम्राज्य मोठें होतें, इतर प्रांतांत पीक होतें, आणि आगबोटीनें धान्य व साबुकंदाचें पीठ फोर्तालेझास येऊं लागलें होतें. बंदर धड नव्हतें. बोटी दूर समुद्रांत उभ्या राहत आणि लाटांतून होड्यांनीं माल किनाऱ्यास आणावा लागे. तरीही माल येत होता. अडलें तें पुढें. सेआरांत माल वाहण्याचें साधन म्हणजे घोडे, खेचरें आणि बैल. चारा-पाण्यावांचून हीं जनावरें आधींच मेलीं होतीं. लोहमार्ग फोर्तालेझाहून निघून थोड्याच मैलांवर थांबला होता. (याच प्रांतांत १८५९ सालीं सरकारनें अल्जीरियाहून १४ उंट मोठ्या हौसेनें आणविले होते, तो प्रयोग फसला, आणि १८७७ सालीं उंटांचा उपयोग झाला असता तेव्हां उंट नव्हते!) किनाऱ्यावर गोण्या पडल्या आहेत, आणि शंभर-दीडशें मैलांवर माणूस उपाशी आहे. अन्न माणसाकडे जाऊं शकत नाहीं. तेव्हां माणसानेंच अन्नाकडे जावयाचें ठरलें.

आणि मग सारा सेर्तांव समुद्राच्या दिशेनें चालूं लागला. या चालणाऱ्यांना त्यांच्या भाषेंत 'रेतिरांतेस' म्हणतात; आपण देशोधडीला लागलेले म्हणूं. पहिल्यानें बांधून घेतलेलें गांठोडें, मग तें टाकून फक्त मुलें, आणि मग कित्येकांनीं तींही वाटेंत ठेविलीं. फोर्तालेझा त्या वेळीं पंचवीस-तीस हजार वस्तीचें गांव होतें. तेथें १८७८ च्या मध्यापर्यंत एक लाखाहून अधिक माणसें येऊन पडलीं. शहराभोंवतीं वाळूंत पाल्यापाचोळ्याच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. धडधाकट माणसांकडून दगड फोडून घेत, रस्ते बांधून घेत, आणि त्या बदल्यांत शिधा देत.

याच गर्दींत देवीची सांथ शिरली. देवीची लस तोंवर ऐंशी वर्षांची जुनी झाली होती. ब्राझीलमध्यें ती माहीत होती, पण या लोकांपैकीं फारच थोड्यांना टोंचलेली होती. १८७८ च्या उत्तरार्धांत सांथ भडकली आणि डिसेंबरांत कळसास पोंचली. १० डिसेंबर १८७८ हा दिवस फोर्तालेझांत अद्याप 'हजार मृतांचा दिवस' म्हणून ओळखला जातो. त्या एका दिवसांत लागोआ फुंदा येथील दफनभूमींत हजाराहून अधिक प्रेतें आलीं. खणणारे थकले, आणि कांहीं प्रेतें रात्रभर उघड्यावर राहिलीं. समोर समुद्र होता. त्यांत मासळी होती. कोठारांत पीठही होतें. त्या दिवशीं मेलेलीं माणसें भुकेनें मेलीं नव्हतीं, तहानेनेंही नव्हे. पाऊस न पडल्यामुळें त्यांचीं शेतें मेलीं, हें खरें. पण तीं स्वतः मेलीं तीं शेतापासून शंभर मैल चालून एकाच वाळवंटांत लाखाच्या संख्येनें गोळा झाल्यामुळें. तीन वर्षांत ईशान्य ब्राझीलमध्यें किती माणसें दगावलीं याचे अंदाज पांच लाखांपर्यंत जातात. खरी गणती करावयास कोणी उरलें नव्हतें.

हें सारें पाहणारा एक तरुण माणूस शहरांत होता. रोदोल्फो तेओफिलो हें त्याचें नांव. जन्म १८५३ चा, शिक्षण औषधशास्त्राचें. त्यानें या अवर्षणाचा तपशीलवार इतिहास लिहून १८८३ सालीं प्रसिद्ध केला, आणि १८९० सालीं 'भूक' या अर्थाच्या नांवाची एक कादंबरीही लिहिली. नुसतें लिहून थांबला असता तरी त्याचें नांव राहिलें असतें. पण १९०० च्या अवर्षणानंतर देवी पुन्हां डोकावूं लागल्या, तेव्हां या गृहस्थानें सरकारची वाट पाहिली नाहीं. वासरांपासून स्वतःच लस तयार केली, घोड्यावर बसला, आणि फोर्तालेझाच्या वाळूवरील झोंपड्याझोंपड्यांतून हिंडून पदरमोड करून ती लोकांना टोंचली. लोक घाबरत, दारें लावून घेत. हा उंबऱ्यावर बसून गोडीगुलाबीनें समजूत घाली. सत्ताधाऱ्यांना त्याचें हें करणें आवडलें नाहीं, कारण त्यामुळें त्यांचें न करणें दिसूं लागलें. कांहीं वर्षांतच शहरांतील देवी जवळजवळ नाहींशा झाल्या. काजूच्या रसापासून 'काजुइना' नांवाचें मद्यरहित पेय प्रथम यानेंच केलें असें तेथें सांगतात, आणि तें पेय आजही त्या मुलखांत घरोघरीं पितात. आपल्याकडे बोंडांपासून काय करतात तें मी सांगावयास नको.

अवर्षणाच्या पोटांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ब्राझीलमध्यें तेव्हां गुलामगिरी होती. गुरें मेलीं, कापूस गेला, तेव्हां सेआराच्या मालकांपाशीं विकण्याजोगें एवढेंच उरलें : त्यांनीं आपले गुलाम दक्षिणेकडील कॉफीच्या मळ्यांना विकावयास काढले. पण बोट दूर समुद्रांत उभी. गुलामांना तेथवर न्यावयाचें तें लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यांवरून, ज्यांना 'जंगादा' म्हणतात. १८८१ च्या जानेवारींत या तराफेवाल्या कोळ्यांनीं सांगितलें कीं, यापुढें सेआराच्या बंदरांतून गुलाम चढणार नाहींत. फ्रान्सिश्कु जोझे दो नाशिमेंतो हा त्यांचा पुढारी. बंदर नीट नव्हतें म्हणून भुकेल्यांना अन्न उशिरां पोंचलें, हें मघाशीं सांगितलें. त्याच नसलेल्या बंदरामुळें गुलामांचा व्यापार कोळ्यांना अडवितां आला. २५ मार्च १८८४ रोजीं सेआरा प्रांतानें गुलामगिरी बंद केली. साऱ्या ब्राझील देशानें ती बंद केली १३ मे १८८८ रोजीं, म्हणजे चार वर्षांनीं.

आतां श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या मनांत १८७७ हें साल ऐकतांच कांहीं हललें असेल. १८७६ सालीं पुणें, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पाऊस फसला आणि दख्खनचा तो मोठा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा केली ती याच दुष्काळांत; दौंड-मनमाड लोहमार्ग झाला तो याच दुष्काळांत. उत्तर चीन व दक्षिण आफ्रिका येथेंही तेव्हां हीच दशा होती. इतक्या दूरदूरचे देश एकाच वेळीं कोरडे पडावे हा योगायोग काय?

या प्रश्नाचा धागा हिंदुस्थानांतून निघतो. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ ते १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख होते. आपल्या मान्सूनचें भाकीत करतां यावें म्हणून त्यांनीं साऱ्या जगाचे हवेच्या दाबाचे आंकडे जमविले, आणि त्यांतून त्यांना दिसलें कीं, पॅसिफिक महासागरावर दाब चढला कीं हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही. तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें हा खेळ चालतो. इंग्लंडास परतल्यावर १९२८ सालीं वॉकर यांनीं जो एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता सेआराचे दुष्काळ. आपल्या मान्सूनसाठीं केलेलीं गणितें त्यांनीं त्या दूरच्या किनाऱ्याला लावून पाहिलीं. त्याच १९२८ सालीं वेधशाळांची कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. पुणेकर त्या इमारतीला अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात.

पुढें उलगडा झाला तो थोडक्यांत असा. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतून येणारे वारे एकमेकांस भेटतात, हवा वर चढते आणि ढगांचा एक लांब पट्टा तयार होतो. हा पट्टा सूर्यामागोमाग, किंबहुना उबदार पाण्यामागोमाग, वर्षभर उत्तर-दक्षिण हिंडतो. मार्च-एप्रिलांत तो दक्षिणेच्या अगदीं टोंकास येतो, आणि सेआरा नेमका त्या टोंकाच्या कडेवर आहे. उत्तर अटलांटिकचें पाणी नेहमींपेक्षां जास्त तापलें तर पट्टा तिकडेच रमतो. पालखी वेशीपर्यंत येऊन मागें फिरावी तसा पाऊस समुद्रावर दिसतो आणि जमिनीवर उतरत नाहीं. पॅसिफिकचें पाणी तापलें, ज्याला 'एल निन्यो' म्हणतात, तर सेआरावर हवा खालीं दाबली जाते आणि ढग धरत नाहींत. अटलांटिकच्या तापमानाचा हा प्रभाव गणिताच्या प्रतिकृतीवरून १९८१ सालीं दाखवून देणाऱ्या दोघांपैकीं एक ब्राझीलचे अँटोनिओ मौरा, आणि दुसरे आपल्या उत्तर प्रदेशांतील बलिया जिल्ह्यांत जन्मलेले जगदीश शुक्ल. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १८७७-७८ चा एल निन्यो नोंदींतील अत्यंत प्रबळ एल निन्योंपैकीं एक ठरला, आणि १८७८ सालीं उत्तर अटलांटिकही विलक्षण तापला होता असें आढळलें. सेआरावर दोन्ही दारें एकदम लागलीं होतीं.

हा उलगडा माझ्यासारख्याला फार आनंद देतो. पण खरें सांगावयाचें तर, केवळ वाऱ्यांचा दोष काढून जे मोकळे होतात त्यांच्याशीं माझें जमत नाहीं. वारे १९१५ सालीं चुकले आणि १९३२ सालींही चुकले. तेव्हां लोहमार्ग आंत पोंचला होता, किशादा येथें 'सेद्रु' नांवाचें दगडी धरण १९०६ सालींच पुरें झालें होतें, अवर्षणनिवारणाचें सरकारी खातें १९०९ पासून चालू होतें. तरीही फोर्तालेझाच्या प्रतिष्ठित मंडळींना १८७८ ची आठवण होती. आणि त्या आठवणीपासून त्यांनीं जो धडा घेतला तो विचित्र होता. गर्दीनें माणसें मेलीं, हें त्यांनीं ओळखलें. पण त्यावर उपाय योजला तो शहर वांचविण्याचा. १९१५ सालीं शहराच्या कडेला आलागादिसू येथें कुंपण घालून भुकेलेल्यांना कोंडलें. राकेल द केयरोझ या लेखिकेनें विशीच्या आंतच, १९३० सालीं, त्या वर्षावर कादंबरी लिहिली. तिची नायिका एक शिक्षिका असून ती त्या कोंडवाड्यांत सेवेला जाते. १९३२ सालीं तर प्रांतभर सात ठिकाणीं, बहुतेक लोहमार्गाच्या कडेला, असे तळ उभारले, म्हणजे माणूस राजधानीपर्यंत पोंचूंच नये. त्यांत एका वेळीं सत्तर हजारांहून अधिक माणसें होतीं. लोक त्यांना 'सरकारी कोंडवाडे' म्हणत. जी आगगाडी धान्य घेऊन गांवांत जाऊं शकत होती, ती माणसें घेऊन तळावर आली.

येथें एक घरगुती आठवण सांगतों. १९७२ सालीं मी शाळकरी मुलगा होतों. आमच्या गांवची नदी कोरडी, विहिरींत गाळ. माझी आई दोन मैलांवरच्या केंद्रावर खडी फोडावयास जाई. हाताला फोड येत, मजुरी बेताची, हप्ता उशिरां मिळे, मुकादमाच्या नांवानें बायका बोटें मोडीत. पण संध्याकाळीं आई पदरांत सुकडी घेऊन घरीं परत येई, आणि आम्ही आमच्याच ओसरीवर निजत असूं. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत अशा कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. तेव्हां मला तो दुष्काळ म्हणजे केवळ हाल वाटले. सेआराची हकीकत वाचल्यावर कळलें कीं, आई रोज संध्याकाळीं घरीं येत होती ही केवढी गोष्ट होती.

सेआरालाही तें हळूहळू साधलें. २०१२ पासून पुढें लागोपाठ पांच-सहा वर्षें तेथें पाऊस कमी पडला. कास्तान्यांव हें ६७० कोटी घनमीटर पाणी मावणारें प्रचंड धरण २०१७ च्या अखेरीस शेंकडा पांचाच्याही खालीं गेलें; बुडालेलें जुनें गांव उघडें पडलें. पावसाच्या दृष्टीनें हें अवर्षण १८७७ च्या पंक्तीला बसण्याजोगें होतें. पिकें गेलीं, गुरें मेलीं, कर्जें झालीं. पण माणसांचे लोंढे फोर्तालेझाकडे निघाले नाहींत. गरीब कुटुंबाला दरमहा रोकड मदत मिळत होती, टँकर येत होते, आणि घराच्या छपरावरचें पावसाचें पाणी सांठविणारी सोळा हजार लिटरची सिमेंटची टांकी हजारों अंगणांत उभी होती. धरण आटलें तरी ती टांकी टँकरनें भरतां येई. मोठ्या धरणाचे फोटो छापले जातात. मला मात्र या अंगणांतल्या टांकीचें कौतुक अधिक वाटतें.

प्रांताची हवामानसंस्था आतां दर जानेवारींत समुद्राचें तापमान पाहून येत्या पावसाचा अंदाज सांगते. त्याच महिन्यांत किशादा येथें मुंग्यांची वारुळें, पक्ष्यांचीं घरटीं आणि मिठाचे खडे पाहून भाकीत करणारे म्हातारे शेतकरी एकत्र जमतात, आणि त्यांचें बोलणें ऐकावयास गांव लोटतो. कधीं हे चुकतात, कधीं ते.

१९३२ च्या सात तळांपैकीं एक सेनादोर पोंपेउ या गांवाजवळ, पातू येथें होता. इतर ठिकाणचे तळ पुसले गेले. येथल्या जुन्या दगडी इमारतींचे अवशेष मात्र राहिले आहेत. तेथें मेलेल्यांना नांवाची शिळाही मिळाली नाहीं. दर वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत, पहांटे, गांवचे लोक पांढरीं वस्त्रें नेसून गांवांतल्या देवळापासून त्या दफनभूमीपर्यंत पायीं जातात. हा प्रघात १९८२ पासूनचा. मुलांनाही बरोबर नेतात. तेथें पोंचल्यावर मेणबत्त्या लावतात, आणि मृतांसाठीं पाणी ठेवतात.